सोमवारी तुमचा ग्रुप कुठे असतो?

पाऊस ओसरायला लागला की इन्स्टावर या जाहिराती सुरू होतात. मागे हिरवागार डोंगर, पुढे गवतात बसलेली पंधरा-वीस माणसं, सगळ्यांचे हात रंगाने बरबटलेले, चेहऱ्यावर शाळेची सहल निघाल्याचा आनंद. खाली मजकूर साधारण एकच असतो : शहराच्या गोंगाटापासून दूर या, फोन बंद करा, दोन दिवस नुसतं खेळा, चित्रं काढा, तुमच्या आतलं मूल पुन्हा शोधा. ठिकाण कर्जत, कामशेत, मुरबाड, नाहीतर अलिबाग. नाव 'आर्ट रिट्रीट'. बस सुटणार दादरहून.

माझं भांडण खेळण्याशी नाही. मोठ्या माणसांनी मातीत हात घालावेत, वाकडीतिकडी चित्रं काढावीत, एकमेकांना बघून हसावं, हे मला मनापासून पटतं. भांडण आहे ते 'शहरापासून दूर' या दोन शब्दांशी. त्यांचा अर्थ असा होतो की कला आणि खेळ या गोष्टी तिकडे डोंगरात राहतात आणि इकडे फक्त नोकरी, लोकल आणि ईएमआय राहतो. ही बस ज्या दादरहून सुटते, तिथून परळ, लालबाग, गिरगाव अशी एक चक्कर मारली तरी हे वाक्य धडधडीत खोटं आहे हे कळतं. आणि हे खोटं वाक्य आपण पैसे देऊन विकत घेत असल्यामुळे आपलं जे खरंखुरं नुकसान चाललंय, ते आपल्याला दिसेनासं झालंय.

आधी रिट्रीटचं जे बरोबर आहे ते सांगते, कारण मी अशा एका रिट्रीटला जाऊन आले आहे. पहिल्या दिवशी डोळ्यांवर रुमाल बांधून आम्ही एकमेकांचे चेहरे चाचपडत काढले. मग एक लांबलचक कागद जमिनीवर अंथरला गेला आणि प्रत्येकाने दोन मिनिटं रंगवून पुढे सरकायचं, आधीच्याने काढलेलं खोडायचं नाही, असा खेळ झाला. दुसऱ्या दिवशी पानांचे ठसे, मातीचे प्राणी. मजा आली. कुणी मार्क देत नव्हतं, कुणी 'याचं पुढे काय करणार?' विचारत नव्हतं. एक बँकेत काम करणारे काका चिखलाचा हत्ती करताना इतके रमले होते की जेवायला उठेनात. माणसाला निष्कारण काहीतरी करायची, आणि तेही चारचौघांबरोबर करायची भूक असते. रिट्रीटवाल्यांनी ती भूक ओळखली आहे, एवढं श्रेय त्यांना द्यायला हवं.

पण ही भूक त्यांनी शोधून काढलेली नाही. गिरगाव-दादरच्या घरांत श्रावणातल्या मंगळवारी हेच चालायचं. झिम्मा, फुगडी, पिंगा, लाट्या बाई लाट्या, कीस बाई कीस. रात्रभर जागरण, दहा बाय बाराच्या खोलीत पंधरा बायका, आणि त्या एका रात्रीपुरती घरकामाला सुट्टी. रिट्रीट म्हणजे फी भरून केलेली मंगळागौर, असं मी थट्टेने म्हणते. पण थट्टा अर्धीच आहे. गिरणगावात दुसरी रूपं होती. कोकणातून आलेले कामगार नमन आणि शक्ती-तुरा घेऊन आले, घाटावरचे भजन आणि तमाशा घेऊन आले. एकेका खोलीत पंधरा-वीस जण पाळीपाळीने झोपायचे. एक पाळी गिरणीत, दुसरी जमिनीवर. एकांत नावाची वस्तू त्यांच्या आयुष्यात नव्हतीच. तरी परळ-लालबागमध्ये रात्री ढोलकी वाजायची.

याच माणसांच्या हौशी नाटकांसाठी परळमध्ये दामोदर हॉल उभा राहिला, १९२२ साली. ना. म. जोशींनी १९११मध्ये सुरू केलेल्या सोशल सर्व्हिस लीगचं ते नाट्यगृह. पुढे १९४४मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढलं. ते पथक कामगारांच्या वस्त्यांत, कामगारांसमोर, त्यांच्याच प्रश्नांवर गायचं. गिरगावात १९३५ साली मुंबई मराठी साहित्य संघ स्थापन झाला आणि पुढे त्याचं नाट्यगृह उभं राहिलं. वॉर्डन रोडवरच्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये पन्नास-साठच्या दशकांत हुसेन, गायतोंडे, तय्यब मेहता रंगवत होते, त्याच इमारतीच्या गच्चीवर अल्काझी नाटकं करत होते आणि खाली रविशंकरांचे सतारीचे वर्ग चालत होते. या वासुदेव गायतोंड्यांच्या चित्रांसमोर आज लोक 'केवढी शांतता!' म्हणून हात जोडतात. ते गिरगावातल्या चाळीत वाढले. त्यांच्या शांततेला डोंगर लागला नव्हता.

आणि छबिलदास. दादर स्टेशनच्या अगदी जवळच्या शाळेतला एक साधा हॉल. अरविंद आणि सुलभा देशपांडे, विजय तेंडुलकर यांनी १९७१मध्ये सुरू केलेल्या 'आविष्कार'ने १९७४च्या सुमारास तिथे प्रायोगिक नाटकं करायला सुरुवात केली. बाहेर भाजीबाजार, गाड्यांचे भोंगे, फेरीवाल्यांच्या आरोळ्या. मराठी रंगभूमीवरची एक अख्खी चळवळ या गोंगाटात वाढली आणि तिला नावही एखाद्या माणसाचं किंवा विचाराचं न मिळता त्या शाळेचं मिळालं : छबिलदास चळवळ. कारण खरी गोष्ट ती जागाच होती. परवडणारी, पोचायला सोपी, दर आठवड्याला पुन्हा तिथेच.

'दर आठवड्याला पुन्हा तिथेच' हे शब्द लक्षात ठेवा. माझा सगळा मुद्दा त्यांच्यात आहे.

रिट्रीटमध्ये जमलेल्या गटाचं रविवारी संध्याकाळी काय होतं? व्हॉट्सॲपवर ग्रुप होतो. फोटो पडतात. 'मिस यू ऑल' पडतं. आठवड्याभराने कुणीतरी गुड मॉर्निंगचं फूल टाकतं आणि ग्रुप म्यूट होतो. आमच्या ग्रुपचंही तेच झालं. हे कुणा एकाच्या आळसामुळे झालं नाही. ते आधीच ठरलेलं होतं. एकमेकांपासून वीस-वीस स्टेशनं लांब राहणारी, एकमेकांकडे काहीही देणं-घेणं नसलेली माणसं दोन दिवसांसाठी एकत्र आणली, तर तो गट होत नाही, तो डबा होतो. स्टेशन आलं की उतरायचं.

गट कशाने होतो हे बघायचं असेल तर गणपतीच्या आधी महिनाभर लालबाग-परळच्या कुठल्याही गल्लीत रात्री दहानंतर जा. दिवसभर नोकरी करून आलेली मुलं मंडपात काम करत असतात. कुणी लाकडाची चौकट ठोकतोय, कुणी कापड ताणतोय, कुणी नुसताच सूचना देतोय आणि शिव्या खातोय. मूर्तीच्या कारखान्यात एखादा जुना कारागीर डोळ्यांची आखणी करत असतो आणि आजूबाजूची पोरं श्वास रोखून बघत असतात, कारण मूर्तीत जीव येणार तो तिथेच. मस्करी अखंड चालू असते. म्हणजे खेळ आहे, गट आहे, कला आहे. वर एक तारीख आहे, जी पुढे ढकलता येत नाही. काम बिघडलं तर अख्खी गल्ली वर्षभर टोमणे मारणार आहे. जबाबदारीमुळे त्यांच्या खेळातली मजा कमी होत नाही. उलट ती म्हणूनच टिकते. पुढच्या वर्षी हीच मुलं पुन्हा इथेच असतात.

मला याचं गोडगोड चित्र काढायचं नाही. प्रायोजकांच्या कमानी, कानठळ्या बसवणारे स्पीकर, व्हीआयपींची वेगळी रांग आणि सामान्यांना ढकलणारे कार्यकर्ते, हे सगळं मला माहीत आहे. मंडपात रात्री राबणाऱ्यांत मुली किती असतात हेही माहीत आहे. मंगळागौरीत कोणत्या जातीच्या बायका खेळायच्या आणि कोणाला त्या खोलीचा उंबरा ओलांडता यायचा नाही, हेही. चाळीला भिंती पातळ असतात आणि डोळे फार. म्हणूनच माझी एक मैत्रीण म्हणते, 'तुला शहराचं कौतुक आहे, पण मला रिट्रीटमध्येच पहिल्यांदा कुणी बघत नाहीये असं वाटलं.' तिचं म्हणणं मला साफ मान्य आहे. लग्नाचं काय, पगार किती, हा मुलगा कोण, हे विचारणाऱ्या शंभर नजरांपासून दोन दिवस सुटका ही लहान गोष्ट नाही.

फक्त पुढचा प्रश्न तिला आणि तुम्हाला विचारायचा आहे. ती सुटका मिळवण्यासाठी बाईला दर वेळी शहराबाहेर का जावं लागावं? दादरमध्ये, परळमध्ये तिला हक्काची एक खोली का नसावी, जिथे मंगळवारी संध्याकाळी सातला जाऊन ती चिखलाचा हत्ती करू शकेल आणि नऊच्या गाडीने घरी येईल? रिट्रीट तिला दोन दिवसांची सुटका देतं आणि उरलेले तीनशे त्रेसष्ट दिवस जसेच्या तसे ठेवतं. जे बदलायला हवं त्यापासून तात्पुरतं लांब नेणारी गोष्ट, ते बदलायची गरजच वाटेनाशी करते.

आणि डोंगरात नेलं की माणसं आपोआप निर्मळ होतात, हा समज तर मराठी माणसाने बाळगूच नये. आपल्याकडे 'शांतता! कोर्ट चालू आहे' आहे. १९६७ सालचं तेंडुलकरांचं नाटक. मुंबईची एक हौशी मंडळी प्रयोगासाठी एका गावात जातात. प्रयोगाला वेळ असतो, म्हणून गंमत म्हणून एक खोटा खटला खेळायचं ठरतं. गट आहे, खेळ आहे, नेहमीच्या जगापासून लांब आहे. आणि त्या खेळात सगळे मिळून लीला बेणारे नावाच्या बाईला फाडून खातात. आपण शहर सोडून जातो तेव्हा आपल्या नजरा, आपली जात, आपला हिशेब बॅगेत भरूनच नेतो. अनोळखी माणसांना वर्तुळात बसवून 'इथे सगळं सुरक्षित आहे, मनातलं बोला' असं सांगितलं म्हणून जागा सुरक्षित होत नाही. उद्याही ज्याच्यासमोर उभं राहायचंय, त्याच्याशी माणूस जरा जपून वागतो. परवा जो दिसणारच नाही, त्याची जबाबदारी कोण घेतो?

आता त्या 'निर्जन' निसर्गाकडे येऊ. कर्जतचा डोंगर निर्जन नाही. तिथे ठाकरांच्या, कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. जाहिरातीतल्या फोटोत त्या येत नाहीत, एवढंच. आमच्या रिट्रीटमध्ये जवळच्या वाडीतल्या दोन बाया भाकऱ्या थापायला होत्या. दुपारच्या सत्रात मुंबईहून आलेल्या ताईंनी आम्हाला दीड तासात 'वारली' शिकवलं : दोन त्रिकोण जोडा, वर गोल डोकं, झाला माणूस. भाकऱ्या थापणाऱ्या बायांना कुणी विचारलं नाही की तुमच्या घरी लग्नात भिंतीवर काय काढतात, गाणी कुठली म्हणतात. त्या ठाकर होत्या, वारली नव्हत्या, हेही बहुतेकांच्या गावी नव्हतं.

वारल्यांचं चित्र मुळात कुठे असतं? घरात. लग्नाच्या वेळी सुवासिनी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, त्यात पालघट देवी येते, धवलेरी गाणी म्हणते, घर पाहुण्यांनी भरलेलं असतं. चौक नसेल तर लग्नच लागत नाही. सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णींच्या नजरेला ही चित्रं पडली आणि डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे कागदावर चित्रं काढू लागले. २०११मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. म्हणजे ज्या जंगलाच्या नावाने आपल्याला एकांत विकला जातो, त्या जंगलातली कलासुद्धा एकांतात होत नाही. ती गर्दीत, नातेवाइकांत, काहीतरी पणाला लागलेलं असताना होते. गिरणगावात होती तशीच.

'पण कलाकार तर कायमच शहराबाहेर गेलेत,' असं कुणी म्हणेल. गेलेत. १९६६मध्ये के. सी. एस. पणिकर आणि त्यांचे सोबती मद्रासजवळ चोळमंडलला गेले. त्यांनी बाटिकसारख्या हस्तकलेच्या वस्तू करून विकल्या, त्या पैशातून समुद्रकाठी सुमारे दहा एकर जमीन घेतली, घरं बांधली आणि तिथेच राहिले. त्यांनी गाव वसवलं. शुक्रवारी रात्री जाऊन रविवारी परत येणं आणि गाव वसवणं या दोन गोष्टींना एकच शब्द वापरायचा म्हणजे लॉजवर राहणाऱ्याला घरमालक म्हणण्यासारखं आहे.

मग मूळ प्रश्न उरतो : आपल्याला पळून जावंसं का वाटतं? कारण शहरातली खेळायची जागा आणि खेळायचा वेळ दोन्ही काढून घेतले गेले आहेत. आपोआप नाही, निर्णय घेऊन. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले. त्यांतल्या बहुतेकांच्या हातात पुन्हा काम आलं नाही. मध्य मुंबईत गिरण्यांची सुमारे सहाशे एकर जमीन होती. १९९१च्या विकास नियमावलीत नियम ५८ आला. त्याप्रमाणे गिरणी विकसित करताना साधारण एक तृतीयांश जमीन मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला मिळायची. २००१मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची करायची, बांधकामाखालची धरायची नाही. शहराच्या वाट्याला येणारी मैदानं आणि बागा एका दुरुस्तीत आक्रसल्या. लोक कोर्टात गेले, आणि २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बदललेला नियम कायम ठेवला.

त्या जागांवर आज मॉल आहेत, टॉवर आहेत. टॉवरमध्ये 'ॲमेनिटी' म्हणून क्लबहाऊस असतं, त्यात 'हॉबी रूम' असते, आणि तिच्या दाराला कार्ड लावल्याशिवाय दार उघडत नाही. भुलाभाई इन्स्टिट्यूटची इमारत राहिली नाही. आविष्कारला छबिलदास सोडून माहीमच्या पालिका शाळेत जावं लागलं. शंभरी पार केलेला दामोदर हॉल २०२३मध्ये पुनर्विकासासाठी बंद झाला, तेव्हा कलाकार रस्त्यावर उतरले. त्या दिवसांत माझ्या टाइमलाइनवर दामोदरबद्दल दोन पोस्ट होत्या आणि रिट्रीटच्या सात जाहिराती. मला राग आहे तो या प्रमाणाचा. जवळचा हॉल जाताना आपण स्क्रोल करतो आणि लांबच्या डोंगरासाठी ॲडव्हान्स भरतो.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. महापालिकेच्या शाळांचे वर्ग आणि हॉल संध्याकाळी आणि रविवारी रिकामे असतात. ते नाममात्र भाड्याने खेळणाऱ्या, गाणाऱ्या, चित्रं काढणाऱ्या गटांना द्या. छबिलदास ही शाळाच होती, हे विसरू नका. पुनर्विकासात जे नाट्यगृह पाडलं जातं, ते तेवढ्याच आसनांचं आणि पूर्वीच्याच माणसांना परवडेल अशा भाड्याचं परत मिळालं पाहिजे, आणि तारीख कागदावर हवी. ज्या मंडळांकडे दहा दिवसांत कोटींनी दान जमतं, त्यांनी उरलेले साडेअकरा महिने एक खोली तरी कलेसाठी चालवावी, आणि तिची किल्ली मुलींच्याही हातात असावी.

तुमच्याकडेही एक मागणी आहे. जायचंच असेल तर खुशाल जा, पण पैसे भरण्याआधी तीन प्रश्न विचारा. जमीन कुणाची होती? तिथल्या माणसांना शिकवण्याचे पैसे मिळतात, की फक्त भाकऱ्या थापण्याचे? आणि सोमवारी हा ग्रुप कुठे भेटणार? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर तुम्ही सहल विकत घेताय, ती सहल म्हणूनच घ्या, तिला कला म्हणू नका.

आणि उत्तर हवंच असेल तर ते तयार करायला फार काही लागत नाही. पाच माणसं, एक कागदाचा रोल, एक वार. शिवाजी पार्कचा कट्टा अजून फुकट आहे. राणीच्या बागेत जुनी, प्रचंड झाडं आहेत आणि तिकिटाला रिट्रीटच्या मानाने काहीच पैसे पडत नाहीत. माहीमचं निसर्ग उद्यान तर कचऱ्याच्या डेपोवर उभं राहिलेलं जंगल आहे. शहराला निसर्ग करता येतो याचा यापेक्षा चांगला पुरावा मला माहीत नाही. तिथे बसा. वॉचमन हटकेल, त्याच्याशी हुज्जत घाला. पुढच्या आठवड्यात पुन्हा बसा. चौथ्या आठवड्यात पावसाने पळवलं की डोक्यावर छप्पर हवं असं वाटेल. मग नगरसेवकाकडे एक अर्ज घेऊन जा, शाळेच्या हॉलसाठी. तो टाळेल. पुन्हा जा.

डोंगरात एवढी कटकट होत नाही, हे खरं आहे. पण तिथे कितीही चित्रं काढली तरी दादरमध्ये एकही दार उघडत नाही.